बळीराम नावाची लाकडी मासोळी

तुमी आता हा अंक हातात घेऊन, चिवड्याचा बकाना भरून मस्त टेकून बसले असान. कामाधंद्याच्या आठवनी दिसल्या म्हंजे तुमाले वाटलं असन का कोनी रिटायर मानूस असन, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, 'आमच्या काळी' म्हनून सुरू करन अन् पेन्शनीवर येऊन थांबन. चुकले! मले अजून तिशी नाई लागली. दुसरं, वर मासोळीचं नाव वाचून तुमी वाट पाहून राह्यले असान का हा पोट्टा आता दोनी हात फाकवून सांगन, 'एवढी मोठी होती राजेहो, अन् ऐन टायमाले दोरी तुटली.' तेबी नाई. या अख्ख्या लिखानात मी एकबी मासोळी धरत नाई. मले मासोळी धरताच येत नाई. मले मासोळी करता येते. लाकडाची.

संपादकसायेब म्हनले, जसा बोलतो तसाच लिही. म्हून तसाच लिहून राह्यलो. वाचताना जीभ अडकली तं त्याइले कार्ड टाकजा, मले नोका टाकू.

मी सेलूचा. शाळेनं मले गनित नाई शिकवलं, पन गनित चुकलेल्या पोट्ट्याकडं हेडमास्तर चष्म्यावरून कसे पाह्यते ते बरोबर शिकवलं. एस.टी.चा कंडक्टर सुट्ट्या पैशासाठी कसा करवादते, तलाठी सही कराच्या आंधी पेन कसा झटकते, सारं मले येत होतं. नक्कल कराची म्हंजे गळ्यातून आवाज काढाचा, असं लोकाले वाटते. तसं नसते. आंधी त्या मानसाची चाल आपल्या आंगावर घ्या लागते. चाल आली का आवाज मांगून येते. दहावीचा निकाल दोन खेपा पाहून माह्या बापाचं मन भरलं. तिसऱ्या खेपेची वाट न पाहता त्यानं मले बळीराम मिस्त्रीच्या दुकानात नेऊन उभं केलं. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असन.

बळीराम मिस्त्री म्हंजे आमच्या भागातला बंडीचा बादशहा. बैलगाडीले आमी बंडी म्हनतो. मी त्याइले काकाजी म्हनो. दुकानाच्या आंगनात पान्याचं मोठं टाकं होतं. लाकडी चाकावर लोखंडाची धाव लालबुंद करून चढवाची अन् चाक लगेच टाक्यात बुडवाचं. च्छर्र आवाज व्हाचा, वाफेत काकाजी दिसेनासे व्हाचे, फक्त शिव्या आयकू याच्या. दुसरं काम पोळ्याच्या आंधी. आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असते, लहान लेकरं लाकडाचे नंदी सजवून मिरवते. ते नंदी आमी करो. झालेला नंदी काकाजी आरशाच्या तुकड्यावर उभा करत अन् बोटानं हळूच टिचकी मारत. एकबी पाय उचलला तं नंदी चुलीत. "डगडग नाई पायजे बे," हा त्याइचा सारा वेद, सारं पुरान.

आता ते टाकं बुजवलं. बंड्याले रबरी टायर आले, मंग ट्रॅक्टर आले. दुकानाच्या जागी पंक्चर जोडते. काकाजी जाऊन तीन वर्स झाले. मी मुद्दाम त्या रस्त्यानं जात नाई. पन कवा जा लागलं तं दुपारच्या टायमाले पाय आपोआप हळू होते. वाटते, आता त्या कोपऱ्यावरून ते येईन, जेवून, तोंडात सुपारी घोळवत, अन् दुरूनच वरडन, "रंधा कोरडा काऊन बे?" मले रागवनारा मानूस होता तवा मले त्याचा कंटाळा होता. आता सारे चांगलं म्हनते, तं करमत नाई.

एक गोष्ट सांगाची राह्यली. काकाजीचा एक पाय निकामी होता. जवानीत भरली बंडी उलटून मांडीवर आलती. पाय वाचला, पन आखूड झाला. सेलूत त्या पायाचं नाव कोनी काढत नोतं. तोंडावर तं सोडाच, पाठीमांगंबी नाई. एवढा मान होता त्या मानसाले. साऱ्या गावात एकच हरामखोर होता जो समोरच्या चहाच्या टपरीवर त्या पायाची नक्कल करून चहा फुकट पेत होता. तो मी.

तं झालं असं. पुलगावले नोकरीवर एक बंगाली सायेब होते. त्याइले गळ टाकाचा नाद. दर रविवारी जीप घेऊन बोर धरनावर. एक दिवस ते दुकानात आले अन् रुमालातून एक वस्तू काढली. परदेशी लाकडी मासोळी, बोटाएवढी, रंग उडालेला, मधातून चावून फोडलेली.

"मिस्त्रीजी, ऐसा माछ बाना देगा?"

काकाजी चाकावरून मान न उचलता म्हनले, "हम तो बंडी बनाते सायेब. ये पोट्टेलोगों का काम है."

"मी हाव ना पोट्टा!" मी म्हनलो अन् मासोळी खिशात घातली.

ज्याइले मालूम नाई त्याइच्यासाठी सांगतो. बोर धरनात मरळ असते. काळी, सापाच्या डोक्याची, पान्यावरचा बेडूक एका गचक्यात गिळनारी. तिले फसवाले ही लाकडी मासोळी. दोरीनं दूर फेकाची अन् वढत आनाची. लाकूड शिवनीचं घ्याचं. हलकं असते, भेगा पडत नाई. नाकातून शेपटीपरेंत आरपार तार घालाची, तिलेच खाली गळ अडकवाचे, म्हंजे लाकूड फुटलं तरी मासा तारेवर राह्यते. पोटात शिसं वतून भराचं. तोंडाले तुपाच्या डब्याच्या पत्र्याचा वठ लावाचा, त्यानं ती पान्यात खाली घुसते. डोळ्याले गुंजा. लाल गुंजेवर देवानंच काळं बुबूळ काढून ठेवलं हाय, आपन कायले मेहनत करा? वरून चपडीचे, म्हंजे लाखेच्या पालिशचे, हात.

पयली मासोळी मी केली ती पाहून मी सोताच तिच्या प्रेमात पडलो. बंडीच्या दांडीवर काढतो तसा लाल-पिवळा पट्टा. आरशावर ठेवली, टिचकी मारली. ढिम्म! दोनी आंग तोलून सारखे. काकाजीनंबी तिरप्या डोळ्यानं पाह्यलं अन् रागावले नाई, म्हंजे खुश होते.

सायेब ती घेऊन गेले अन् दोन रविवारानं परत आले. संगं वारलूजी होते, धरनाजवळच्या गावातले मासेमारी करनारे ढिवर, सायेबाले जागा दाखवाचे.

"बहोत भालो," सायेब म्हनले. "हम इसको ठाकुरघर में राखेगा. माछलोग आता है, प्रोणाम कोरता है, चोला जाता है."

वारलूजी हासून हासून खाली बसले. मंग म्हनले, "भाऊ, तुह्यी मासोळी नवरदेवावानी चालते. सरळ, मान ताठ. तिले मरळ काऊन खाईन गा? मरळ दुखन्याले खाते. पान्यात जे नीट चालते ते कोनाच्या हाती लागत नाई. जे लंगडते, ते पयले तिच्या डोळ्यात भरते."

आता पाहा, सुताराचा सारा जनम डगडग काढन्यात जाते. अन् इथं एक ढिवर मले सांगून राह्यला का डगडग भर. मी तीन-चार मासोळ्या वाकड्या केल्या. एक गोल गोल फिरे, एक पोट वर करून मेल्यावानी पडे, एक तं दगडासारखी तळाले. वाकडं करनं सोपं नाई राजेहो. वाकडं असून पुढं जानं पाह्यजे.

अन् त्या दुपारी मी टाक्याच्या काठावर बसलो होतो, तं काकाजी जेवून येताना दिसले. रोजच्यासारखे. एक पाय दबला, खांदा गेला, कंबर वळली, आता पडते असं वाटलं, अन् नाई पडले. सावरले, पुढं आले. परत दबले, परत सावरले. पूर्न रस्ता असाच.

मी ताडकन उठलो. ते चहाले वळले तसा मी टाक्याभवती तीच चाल चालाले लागलो. पन आता हासवाले नाई. आता मले मालूम करून घ्याचं होतं का वजन कुठं पडते. डाव्या कंबरेत वढ बसली. जिथं वढ बसली, तिथंच मासोळीच्या पोटात, डाव्या आंगाले, शिसं भरलं. पत्र्याचा वठ उलट बाजूले जरासा मुरगळला, तिनं सावरावं म्हून. टाक्यात सोडली अन् दोरी वढली.

दबली. झुकली. पडाच्या आंधी सावरली. पुढं आली.

माह्या आंगावर काटा आला. टाक्यात काकाजी चालून राह्यले होते. मंग मी खदाखदा हासलो. पयले काटा, मंग हासू, हे मले आता आठवते. तवा नुसतं हासूच ध्यानात राह्यलं.

त्या मासोळीवर सायेबानं पयल्याच दिवशी मरळ काढली. नाचत टपरीवर आले, "क्या नाम राखा इसका?" चार-पाच लोकं चहा पेत होते. काकाजी घरी जेवाले गेलते. माह्यी जीभ माह्या बापाचंबी आयकत नाई.

"बळीराम," मी म्हनलो, अन् चालून दाखवलं.

जे हासले ना लोकं! ज्याइनं कवा त्या पायाचं नाव नोतं काढलं, तेबी हासले. मानूस हासाले तयारच असते, त्याले फक्त आपल्याआंधी कोनीतरी हासलेलं पाह्यजे असते.

झालं, धंदा सुरू. बातमी पसरत गेली अन् लोकं येऊ लागले, "भाऊ, एक बळीराम दे." मी त्याइले दुपारी बोलावो, काकाजी नसताना. समुद्रपूरचे एक मास्तर एस.टी.नं येत. घरी सारे माळकरी, मासोळीचं नाव काढलं तं अंघोळ करनारे. ते बळीराम जेवनाच्या डब्यात लपवून नेत. एकदा बायकोनं डबा उघडला अन् गुंजेचे डोळे पाहून किंचाळली, तं मास्तर म्हनले, शाळेच्या प्रदर्शनाले नमुना हाय. पुढल्या खेपेले मले म्हनले, "अरे, तिनं त्याले हळदकुंकू लावलं."

वारलूजीनं मात्र कवाच बळीराम घेतला नाई. "जिवंत बेडूक फुकट भेटते, लाकडी काऊन घेऊ?" म्हनत. पन दर गिऱ्हाईकाले सांगाले मले एक निरोप देल्ला होता. मरळ आपल्या पिल्लाइले राखते, पान्यावर लाल पिल्लाइचा घोळका दिसते, त्याच्या खाली मायबाप दोघंबी असते. तिथं गळ टाकाचा नाई. त्या टायमाले ती भुकेनं नाई, रागानं तोंड मारते. मी तो निरोप पयले पयले सांगितला. मंग गिऱ्हाईक वाढले, अन् मी सांगाचा राह्यलो. आता नागपूरवरून पिलास्टिकच्या मासोळ्या येते, डब्बीवर सारं लिहून असते. वारलूजीचा निरोप त्याच्यावर नसते. त्याच्यावर काय रागवा? तो माह्याकडूनबी राह्यलाच.

पन खरं भेव दुसरंच होतं. काकाजीले समजलं तं मले हाकलून देईन, तेवढंच नोतं. मी दुसरीकडं गेलो असतो. त्याइले समजन का हा सारा रस्ता, जो त्याइले वाकून रामराम करते, तो दुपारी हासते, हे भेव होतं. उभ्या जनमात त्या मानसानं पायाचं गाऱ्हानं केलं नाई, त्याच्याबदल्यात गावानं तेवढा एक मान देल्ला होता. तो मी विकून खाऊन राह्यलो होतो.

एक दिवस काकाजी लवकर परत आले. टपरीवर हासू चालू होतं, ते एकदम थांबलं.

"काय झालं बे?"

"काई नाई काकाजी. कंडक्टरची नक्कल."

"कर बरं. मीबी पाह्यतो."

मी कंडक्टर केला. काकाजी मनापासून हासले, डोळ्यात पानी येईपरेंत. त्याइले हासताना पाहून बाकीचे कोनी हासले नाई. बाजूचा पानवाला खाली पाहून कात घोटत बसला. त्या दिवशी मी ठरवलं, बस, आता बळीराम बंद. दुसऱ्या दिवशी तीन गिऱ्हाईक आले अन् मी तीन बळीराम देल्ले.

असे दोन वर्स गेले. मंग सायेबाची बदली झाली. जाच्या आंधी ते जीप घेऊन सरळ दुकानात आले, भर सकाळी, काकाजी असताना. "उस्ताद, आज आप चोलेगा हमारा साथ. आपका दुकान का चीज है, आपने पानी में देखा नोही."

मी मधात पडलो. "काकाजीले टाईम नाई सायेब, सुकळीच्या पाटलाची बंडी..."

"तू चूप बैस," काकाजी म्हनले. त्याइले कवा कोनी जीपमधी बसवलं नोतं. घरी जाऊन धुतलेलं धोतर नेसून आले, टोपी बदलून आले. रस्ताभर मी मांगं बसून टोपीच्या मांगचा त्याइच्या मानेचा घडी पडलेला भाग पाहून राह्यलो. आता उडी मारली तं किती लागन, याचा अंदाज घेत.

धरनावर पानी नितळ होतं. सायेबानं काकाजीले काठच्या दगडावर बसवलं, मासोळी दूर फेकली अन् मोठ्या प्रेमानं म्हनले, "अब देखिए, आपका बळीराम आता है!"

"माह्या नावाचा?" काकाजीनं माह्याकडं पाह्यलं.

"हां! आपका नाम, आपका चाल. ये लोड़का तो चोलके भी दिखाता है. दिखाओ ना!"

सायेबाच्या मनात काई वाईट नोतं. त्याइले वाटलं, मी अन् काकाजी दोघंबी मिळून हासत असू. जनमात पयल्यांदा कोनी नक्कल कर म्हनलं अन् माह्याकडून झाली नाई.

तवर मासोळी उथळ पान्यात आलती. दबली, झुकली, सावरली, पुढं आली. मानसाले सारं जग दिसते, आपली चाल दिसत नाई. काकाजीनं ती साठाव्या वर्सी पयल्यांदा पाह्यली.

"अजून एकडाव," ते म्हनले.

सायेबानं परत फेकली. परत पाह्यली.

"अजून."

तिसऱ्या खेपेले त्याइनं ती हातात मांगितली. उलटी केली. पोटावरून आंगठा फिरवला, शिसं भरलं होतं तिथं थांबवला, अन् परत देऊन टाकली. त्या दिवशी मरळ लागली का नाई, मले नाई मालूम. परत निघताना धरनाच्या पाळीवरून जीपपरेंत लांब चालाचं होतं. मी पळतच पुढं जाऊन जीपमधी बसलो. मले त्याइले चालताना पाहाचं नोतं. पूर्न रस्ता सायेबच सांगत राह्यले, बळीराम कोनत्या कोनत्या गावाले गेले ते.

दुसऱ्या दिवशी मी उजेडाच्या आंधी दुकान झाडलं, रंध्याले धार केली, पान्याचं टाकं भरलं. मनात बोलनं जमवून ठेवलं होतं: पाय धराचे, रडाचं, जमलं तं खरंच रडाचं. काकाजी आले. टोपी खुंटीले लावली.

"ये इकडं. माह्या कोनता पाय लंगडा हाय?"

मी खाली पाह्यलं. धोतर घोट्यापरेंत होतं, उभे असताना दोनी पाय त्याच्याखाली सारखेच दिसून राह्यले होते.

"बोल ना बे. दोन सालापासून नक्कल करून राह्यला. कोनता पाय?"

"डा... डावा."

त्याइनं उजव्या मांडीवर एवढ्या जोरानं थाप मारली का टपरीवरचे लोकं इकडं पाहाले लागले. "हा! हा उजवा! बंडी याच्यावर आलती. डाव्याच्या भरवशावर तं मी उभा हाव, हरामखोरा! मले रोज समोरून येताना पाह्यलं अन् आरशात दिसते तसं उलटं उतरवलं. अन् तेच लाकडात घातलं."

माह्या तोंडातून निघून गेलं, "पन काकाजी, मासोळीले डावं-उजवं काय समजते?"

"मासोळीले नसन समजत! मले समजते! माह्यं नाव ठेवलं ना त्याच्यावर? नाव माह्यं, अन् चाल कोनाची बे, तुह्या बापाची? खोटं काम गेलं या दुकानातून. समुद्रपूरपरेंत गेलं!"

"काकाजी, नावाची चूक झाली, मी..."

"नावाचं मंग पाहू. पयले काम. चाल माह्या मांगं."

ते रस्त्यावर उतरले. टपरीवर साऱ्याइचे चहाचे गिलास हवेत थांबले. मी बाजूनं चालाले गेलो तं वरडले, "बाजूनं नाई! मांगं! काल धरनावरबी पुढं पळाला. मानूस समोरून पाहाले साऱ्याइले येते."

ते चालू लागले, भर रस्त्यातून, दुकानापासून घराकडं. मी मांगं. सारा बजार पाहून राह्यला होता अन् कोनी हासत नोतं.

"मान काऊन वर करतो? लोकाइचे तोंड नोको पाहू, पाय पाह्य. उजवा दबला?"

"दबला काकाजी."

"खांदा कवा पडला? पायाच्या आंधी का मंग?"

"मंग."

ते गर्रकन फिरले. "आंधी, बैताडा, आंधी! खांदा आंधी पडते. त्याले मालूम असते, आता दुखनार हाय म्हून. दोन वर्स पाह्यलं, एवढंबी नाई दिसलं तुले?"